फॅन्टॅस्टिक फोर (2015): पटकथा नेमकी कुठे फसली?

घाटकोपर_स्लो
दादरला आमच्या पटकथा-गटात या रविवारी फसलेल्या सुपरहिरो उगमकथेवर (नायकाला शक्ती कशी मिळाली ती कथा) चर्चा आहे. निवड दिग्दर्शक जॉश ट्रँकच्या 'फॅन्टॅस्टिक फोर'ची: रीड, बेन, जॉनी आणि सू या चौघांना एका अपघातातून शक्ती मिळतात ती गोष्ट. "व्हीएफएक्स भंगार, पात्रं सपाट" हे कोणीही सांगेल. मला पटकथेत बोट ठेवता येईल अशी जागा हवी आहे. एकूण वेळ दीड तास, त्यात तुकडे दाखवायला फार तर 20 मिनिटं. काय दाखवू?

तिसरी_घंटा
"एक वर्षानंतर" ही पाटी. बाकी सगळं नंतर.

अपघातानंतर रीड शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे हातपाय भलतेच लांब ताणून बांधलेले असतात. तो कसाबसा सुटतो, हवेच्या नळीतून सरपटतो, तर पलीकडे दगडांनी मढलेला बेन त्याला हाका मारतोय. आपणच मध्यरात्री फोन करून बोलावलेला मित्र! रीड "तुला बरं करीन" म्हणतो आणि पळ काढतो. मग पाटी. पाटीनंतर बेन लष्करी मोहिमांवर, जॉनी आणि सू प्रशिक्षणात, सगळं सुरळीत.

सिनेमा त्या गाळलेल्या वर्षात होता. शक्ती अंगात आल्यावर ती आधी चुकते, फजिती करते, घरच्यांना घाबरवते, आणि प्रेक्षक पात्राला धरतो तो तिथेच. शुद्धीवर येण्यापासून पाटीपर्यंतचा तुकडा लावा, पाटीवर थांबवा आणि प्रत्येकाकडून त्या वर्षातले तीन प्रसंग लिहून घ्या. 10 मिनिटं द्या, पुरतात.

भंगारगल्ली
पाटीचं पटलं, पण रोग आधीचा आहे. सिनेमा 100 मिनिटांचा आणि परग्रहाच्या सफरीतल्या त्या अपघातापर्यंत पोहोचायलाच जवळपास अर्धा वेळ जातो. उशीर चालतो हो, पण तेवढ्या वेळात चौघांची मोट बांधायला हवी होती. इथे सू त्या सफरीला जातच नाही. त्यांचा सहकारी व्हिक्टर, रीड, जॉनी आणि बेन दारू पिऊन निघतात. सू मागे यंत्रापाशी, तिला शक्ती मिळते ती यान परतताना झालेल्या स्फोटातून. म्हणजे 'फोर' एकत्र काही ठरवतच नाहीत, त्यांच्यावर ते येऊन आदळतं.

चांगलं बीजही वाया घालवलंय. बेनची ती प्रसिद्ध आरोळी ("इट्स क्लॉबरिंग टाइम!") लहानपणी त्याचा मोठा भाऊ त्याला बडवताना देतो. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याचं वाक्य उचलायचं, ही केवढी मोठी गोष्ट! पण मधे तिची वाट कुठेच दाखवलेली नाही, म्हणून शेवटच्या मारामारीत बेन ती देतो तेव्हा नुसती टाळीची ओळ उरते.

आणि डूम, म्हणजे तोच व्हिक्टर, खलनायक झालेला. परग्रहावर मागे राहतो, शेवटच्या टप्प्यात उगवतो, बोगद्यात माणसांची डोकी फोडतो आणि लगेच पृथ्वी संपवायला निघतो. तुलनेला मल्याळम सुपरहिरो सिनेमा 'मिन्नल मुरली' (2021) घ्या. तिथे एकाच रात्री वीज दोघांवर पडते, शिंपी जेसनवर आणि चहाच्या दुकानातल्या शिबूवर. दोघांची उगमकथा शेजारी-शेजारी चालते, त्यामुळे शिबूची कीव येते आणि भीतीही वाटते.

शेवटचा_शो
सूच्या केसांकडे लक्ष ठेवा. नंतर पुन्हा चित्रीकरण झालं तेव्हा सू झालेल्या केट माराला विग घातला होता आणि तो चांगलाच ओळखू येतो. एकाच प्रसंगात केस बदलले की समजायचं, इथे ठिगळ आहे. तुकडा दोनदा लावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

एक धोक्याची सूचना. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ट्रँकने सिनेमापासून हात झटकणारं ट्वीट केलं आणि मग काढून टाकलं. हा विषय निघाला की दिग्दर्शक विरुद्ध स्टुडिओ यात तास जातो. तो शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा.

घाटकोपर_स्लो
झकास. मग क्रम असा: भावाचा मार, शुद्धीवर येणं ते पाटी, शेवटी बोगदा. 'मिन्नल मुरली'तलं काय घेऊ?

भंगारगल्ली
भाचा कॉमिक्स वाचून जेसनच्या शक्ती एकेक करून तपासतो तो भाग. पण तो पाटीचा व्यायाम झाल्यावरच लावा. आधी लावलात तर सगळे तोच प्रसंग उतरवून काढतील.