चिनी-इंग्रजी सरमिसळ: भाषेवरील पकड की भाषेची झीज?

शब्दवेल्हाळ:
हाँगकाँगचे लोक कॅन्टोनीज ही तिथली चिनी भाषा बोलताना इंग्रजी शब्द पेरतात, तेव्हा त्यांना धड एकही भाषा येत नाही असा शेरा हमखास मारला जातो. त्यांची वाक्ये बारकाईने ऐकली, तर तो टिकत नाही. कॅन्टोनीजमध्ये होय-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारताना विशेषण किंवा क्रियापद दोनदा येते, मध्ये ‘म्’ हे नकारार्थी अव्यय बसते, आणि शब्द दोन अक्षरांचा असल्यास पहिल्या वेळी त्याचे पहिलेच अक्षर उच्चारतात. इंग्रजी ‘हॅपी’लाही यातून सूट नाही: ‘तू खूश आहेस का?’ हा प्रश्न ‘नेइ हॅप्-म्-हॅपी आ?’ असा होतो. शब्द इंग्रजीचा, पण त्याची मोडतोड कॅन्टोनीजच्या कायद्याने! ज्याला व्याकरण येत नाही, त्याला हे साधणार नाही.

सिंगापूरस्थ:
नियम मान्य, निष्कर्ष अमान्य. सिंगापूरमध्ये १९८७ पासून सर्व शाळांत इंग्रजी ही पहिली भाषा आहे. घरात प्रामुख्याने मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणाऱ्यांचे प्रमाण २०१० च्या जनगणनेत ३५.६ टक्के होते, ते २०२० मध्ये २९.९ टक्क्यांवर आले; इंग्रजीचे ३२.३ वरून ४८.३ वर गेले. माझ्या शेजारची मुले आजीशी मँडरिनमध्ये वाक्य सुरू करतात आणि नेमका शब्द न सुचल्यामुळे इंग्रजीत संपवतात. ही निवड नव्हे, निरुपाय आहे.

शब्दवेल्हाळ:
हे आकडे घरातील भाषेचे आहेत, सरमिसळीचे नव्हेत. मँडरिन मागे पडली ती शाळेच्या माध्यमामुळे आणि नोकरीच्या हिशेबामुळे. शिवाय तिथल्या होक्कियन, तिओच्यू या चिनी बोलींना इंग्रजीच्या मिश्रणाने नव्हे, तर १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘मँडरिन बोला’ या सरकारी मोहिमेने घराबाहेर काढले, हे शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.

मधली आळी:
आपणही ‘मेल फॉरवर्ड केला’ म्हणतो, तेव्हा वाक्य मराठीच राहते. तेवढ्यापुरते शब्दवेल्हाळ यांचे पटते. मात्र हाँगकाँगच्या कचेरीतील दोन्ही भाषा येणारा माणूस आणि सिंगापूरमधील ती मुले यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे.

सिंगापूरस्थ:
माझेही तेच म्हणणे आहे. कचेरीतला माणूस हवे तेव्हा निखळ कॅन्टोनीजकडे वळू शकतो. या मुलांना आजीच्या दुखण्याची विचारपूस इंग्रजीचा आधार न घेता करता येत असेल, तर त्यांच्या सरमिसळीला माझा काडीचाही आक्षेप नाही.