मदत हवी आहे: कॅल्शियम देताच हृदयपेशी गोल होतात

नमस्कार मंडळी. मी खारघरला पीएचडी करते. प्रौढ रॅटच्या हृदयातून स्नायूपेशी सुट्या करते: महाधमनीत कॅन्युला (बारीक नळी), आधी कॅल्शियमविरहित द्रावण, मग कोलॅजनेज (पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवणारं एन्झाइम), 37 अंशांवर. डिशमध्ये पेशी अगदी विटेसारख्या लांबट, कडा रेखीव, आडवे पट्टे स्वच्छ. बघत राहावंसं वाटतं. पण कॅल्शियम परत द्यायला लागले की 0.5 मिलिमोलरपर्यंत निम्म्याहून जास्त पेशी आकसून गोल!

कॅल्शियम काढून परत दिलं की पेशींना इजा होते, याला कॅल्शियम पॅरॉडॉक्स म्हणतात, ठाऊक आहे. म्हणूनच 0.1, 0.2, 0.5, 1.0 अशा पायऱ्यांनी जाते, प्रत्येकी दहा मिनिटं. तरी तेच. मला पुढे आयसोप्रोटेरेनॉल (अ‍ॅड्रेनालिनसारखं औषध) देऊन बघायचंय: बीटा रिसेप्टर, सायक्लिक एएमपी, पीकेए अशी पेशीतली संदेशांची साखळी, मग फॉस्फोलॅम्बन या प्रथिनाचा लगाम सुटतो आणि सेर्का पंप कॅल्शियम भराभर पेशीतल्या साठ्यात ओढतो. त्यासाठी पेशी धडधाकट हव्यात. या पेशी डिशमध्ये वाढवता येत नाहीत, दर वेळी नवा प्राणी लागतो. वाया गेलेला प्रत्येक जीव मनाला लागतो हो.

हृदय काढल्यापासून कॅन्युला बसेपर्यंत मला चार-पाच मिनिटं लागतात. दोष तिथेच असेल का? की कोलॅजनेजची बॅच बदलून बघू? बीडीएम (पेशींचं आकुंचन थांबवणारं रसायन) घातलं तर ते नंतर कधी धुऊन काढता? त्याच कामाच्या ब्लेबिस्टॅटिनची भीती वाटते, निळ्या उजेडात ते बिघडतं आणि माझं सगळं काम फ्लुरोसन्सवर, म्हणजे पेशींवर उजेड टाकून चमक मोजण्यावर.

ठाणे, ऐरोली, वाशीकडे कुणी लँगेंडॉर्फवर (काढलेल्या हृदयात महाधमनीतून द्रावण सोडायची पद्धत) काम करत असेल तर एक दिवस शेजारी उभं राहून बघू द्याल का? सकाळी कितीही लवकर येईन.