ठाणे ते कोलकाता: घर हलवताना गाडी स्वतः चालवत न्यावी का?

कासारवडवलीची:
नवऱ्याची बदली कोलकात्याला झालीय, तो आधीच न्यू टाऊनला राहायला गेलाय. नोव्हेंबरात मी, माझा भाऊ आणि सासरे असे तिघं गाडीने जायचं घाटतंय. आबा ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र माझ्याहून जास्त. वॅगन आर, एमएच ०४ पासिंग, कर्जाचे हप्ते चालू. सोबत मांजर. सामान ट्रकने जाणार.
नवरा म्हणतो, गाडीही ट्रेलरवर चढवा आणि विमानाने या. आबांना वाटेत हिराकुड धरण बघायचंय, नोकरीभर राहून गेलं म्हणे. समृद्धी महामार्गावरून एका दिवसात नागपूर गाठता येईल का? त्यापुढे कसा रस्ता आहे? आरटीओचं काय करायचं? आणि माझ्या ॲक्टिव्हाचं?

नेरूळकर_काका:
ताई, जा. लेक कोलकात्यात राजारहाटला असते, त्यामुळे हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. चाकाखालचा म्हणा हवं तर.

नागपूर एका दिवसात होतं, त्यात काही मर्दुमकी नाही. जून २०२५ पासून समृद्धी भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत सलग ७०१ किलोमीटर खुला आहे. खरी परीक्षा घोडबंदर रोड ते आमणे. माजिवडा, खारेगाव, माणकोली हा पट्टा उजाडायच्या आत मागे टाका, नाहीतर भिवंडीतच जेवायची वेळ होईल.

समृद्धीवर वेगमर्यादा १२०. म्हणून भरलेली वॅगन आर १२० ने हाणायची नाही. काँक्रीटचा सरळसोट रस्ता, टायर तापतात आणि चालवणाऱ्याला गुंगी येते. टायर जुने असतील तर निघण्याआधी बदला, हवा पहाटे गार टायरमध्ये तपासा. दर दोन तासांनी थांबून माणसं बदला. आबांच्या गुडघ्यांनाही ते बरं. पेट्रोलची टाकी भिवंडीत फुल्ल करा, पंप हाताशी असतील असं धरून चालू नका. दशम्या, चटणी घरून न्या. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो इथे चालत नाही, हा रस्ता राज्याचा. पुढे राष्ट्रीय महामार्गावर चालेल.

नागपुरात शिरूच नका. बाहेरच्या रिंगरोडने भंडारा रस्त्याला लागा आणि तिकडेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. साकोली-देवरीच्या मध्ये नागझिऱ्याचं जंगल लागतं, तिथे घाई नको. रायपूरला दुपारचं जेवण, संध्याकाळी संबलपूर. तिसरा दिवस आबांचा. महानदीवरचं धरण, १९५७ सालचं. खात्यातला माणूस तासाभरात परत येत नसतो, तेव्हा तो अख्खा दिवस सोडून द्या.

आता माझा एकच आग्रह. सगळे समृद्धीबद्दल विचारतात, तो तर सोपा आहे. अवघड तुकडा पुढचा: संबलपूर, देवगड (हा ओडिशातला, हापूसचा नव्हे), केंदुझर, मग बांगरीपोसीचा घाट उतरून बहरागोडा. केंदुझरच्या भागात लोहखनिजाचे ट्रक, लाल धूळ आणि ओव्हरटेकची खुमखुमी. सूर्य मावळल्यावर तिथे गाडी चालवायची नाही, भाऊ कितीही म्हणू दे. त्या रात्री केंदुझरला झोपा, पाचव्या दिवशी खरगपूरमार्गे कोलकाता.

एमएच०४_जुना:
कागदपत्रांचं सांगतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, मोटार वाहन कायदा कलम ४७. त्यासाठी ठाणे आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८. कर्ज चालू आहे ना, मग आधी बँकेची संमती काढा, तीच सगळ्यात रखडते. ई-चलनं भरून टाका, विमा आणि पीयूसी चालू ठेवा, चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. हे सगळं ठाण्यात असतानाच उरका. नंतर न्यू टाऊनमधून ठाण्याच्या खिडकीवर कोण उभं राहणार?
साहेबांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच नंबर (भारत सीरिज, राज्य बदललं तरी चालणारा) मिळतो का ते आधी बघा. जुन्या गाडीलाही घेता येतो आणि पुढची बदली झाली तर हे शुक्लकाष्ठ नाही.
ॲक्टिव्हा समृद्धीवर चालत नाही, दुचाकीला बंदी आहे. रेल्वे पार्सलने पाठवा. टाकी पूर्ण रिकामी करून देतात, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. आरसे काढून घ्या.

कासारवडवलीची:
दोघांचेही आभार. बँकेला आजच मेल टाकला. काका, गाडीत काय ठेवू आणि ट्रकमध्ये काय? आणि मांजर?

नेरूळकर_काका:
ट्रक तुमच्यानंतर पोचणार असं धरूनच गाडी भरा. देव, दागिने, सगळ्यांची मूळ कागदपत्रं, आबांची महिन्याभराची औषधं, एक कुकर, कढई, दोन सतरंज्या, मच्छरदाणी, आणि गोडा मसाला. मसाला ट्रकमध्ये देऊ नका, सगळ्या चादरींना वास लागतो. ट्रक दुसऱ्याच्या सामानाबरोबर जाणार की फक्त तुमचा, ते लेखी घ्या. खोक्यांवर नंबर घाला, टीव्ही आणि फ्रिजचे पॅकिंगच्या आधी फोटो काढा. सामानाचा विमा वेगळा असतो, तो विचारून घ्या.
मांजराचा पिंजरा सीटबेल्टने बांधा, लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. हॉटेलवाल्याला बुकिंग करतानाच मांजर आहे म्हणून सांगा. गाडीचं दार उघडण्याआधी पिंजरा बंद आहे का ते प्रत्येक वेळी बघा, पंपावर तर नक्कीच.

कासारवडवलीची:
आबांना संबलपूरला दोन रात्री राहायचं सांगितलं. ते म्हणाले, तीन कर.

नेरूळकर_काका:
करा की. ट्रकवाला काही तुमच्या आधी पोचत नाही.