व्हिएतनाम: डोंग (तिथलं चलन) इथूनच घ्यावेत की डॉलर न्यावेत?

मोगरा_कल्याण:
डिसेंबरात आई-बाबा, मी आणि नवरा हनोई–दा नांगला चाललोय. विमान, हॉटेलं भरून झालीत. वरखर्चाला 70 हजार धरलेत. स्टेशनजवळचा मनी चेंजर म्हणतो, "डोंग इथंच देतो, झिरो कमिशन." बाबांना तेच पटलंय, परक्या गावात वणवण नको म्हणे. मला मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटतंय. कुणी जाऊन आलंय का?

नाना_डोंबिवली:
मुरतंय! कमिशन झिरो असतं ते पावतीवर, भावात नाही. त्याला एवढंच विचार: "70 हजार दिले तर हातात किती डोंग पडतील?" तो आकडा गूगलच्या भावाशी लाव, बाबांचं मत लगेच बदलेल.

आम्ही डॉलर नेले. तीन ठिकाणी फोन केला, डॉलरमागे सव्वा रुपयाचा फरक निघाला. 800 डॉलरवर सरळ हजार रुपये. जीएसटी सगळीकडेच लागतो, पण एक लाखापर्यंत शंभराला 18 पैसे, कमीत कमी 45 रुपये. त्यावर घासाघीस नको, भावावर कर. 100च्या कोऱ्या नोटा माग. माझ्या एका नोटेवर पेनाची रेघ होती, हनोईत काउंटरवरच्या मुलीनं ती दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली.

आणि तिथली 20 हजाराची नोट निळी, 5 लाखाचीही निळसरच! होई आनला संध्याकाळी 20 हजाराचं शहाळं मी 5 लाखाला प्यायलो. दीड हजार रुपयांच्या वर गेले. रात्री हिशेबाला बसल्यावर कळलं. बायको अजून शहाळं दिसलं की माझ्याकडे बघते.

फिरस्ता७७:
हनोईत 'हा ट्रुंग' नावाच्या रस्त्यावर सोनारांच्या दुकानात भाव चांगला मिळतो.

नाना_डोंबिवली:
मिळतो, पण परवाना आहे का ते बघून. 2018 मध्ये कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियननं विनापरवाना सोनाराकडे 100 डॉलर मोडले, तर 9 कोटी डोंग दंड ठोठावला होता. पुढे माफ झाला म्हणा. आम्ही आपले बँकेत गेलो. पासपोर्ट लागतो, आणि शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका.

शमा_पुणे:
कार्ड वापरलंत तर मशीन विचारेल, रुपयांत हिशेब करू का? डोंगच निवडा. रुपयांत केलं की मशीनवाले स्वतःचा चढा भाव लावतात.

मोगरा_कल्याण:
चेंजरला आकडा विचारला. आधी "मॅडम, भाव रोज बदलतो," मग म्हणे उद्या या. डॉलर घेतेय. बाबांना 9 कोटींचा किस्सा वाचून दाखवला, आता ते सोनाराच्या दुकानासमोरून चालायलाही तयार नाहीत.