कौलांच्या आतून स्प्रे फोम मारावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे, मंगलोरी कौलं आणि खाली सागवानी वासे-रिपा. आई आता ७८ वर्षांची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी माजघरातसुद्धा तिच्या जिवाची काहिली होते, ते बघवत नाही.

एका कंत्राटदाराने कौलांना आतून थेट पॉलियुरेथेन फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा, उष्णता अडवणारा फेस) मारायचं सुचवलंय, तोही क्लोज्ड सेल, म्हणजे आतले बुडबुडे बंद असलेला. ओपन सेल, म्हणजे उघड्या बुडबुड्यांच्या फोममधून बाष्प आरपार जातं, क्लोज्ड सेल ते बऱ्यापैकी अडवतो, शिवाय एका इंचाला उष्णताही जवळपास दुप्पट रोखतो. इथवर पटतं. पण आमच्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. एखादं कौल फुटलं आणि पाणी फोम व वाशाच्या मधे मुरत राहिलं, तर लाकूड कुजलेलं कळणार कधी? वाळवीचंही तेच. आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आम्ही कौलं चाळतो, माकडांनी फोडलेली बदलतो. फोमने सगळी एकमेकांना चिकटली की एक कौल सुटं निघेल का? मला तर हीच सगळ्यात मोठी अडचण वाटते.

चूल अजून पेटते, त्यामुळे आगीची भीती आहेच. फोम उघडा ठेवू नये हे ठाऊक आहे, पण त्यावर झाकण कशाचं घालावं?

कोकणात कौलारू घराला कुणी हे केलंय का? दोन-तीन पावसाळ्यांनंतर वासे कसे आहेत? की कौलांपासून थोडं अंतर सोडून खाली वेगळं छत करावं आणि फोम त्यावर मारावा? कृपया अनुभव सांगा, कंत्राटदाराला याच आठवड्यात उत्तर द्यायचंय.