सल्ला हवा आहे: तेलविहिरीच्या पाण्यावर सूक्ष्मशैवाल, एमएस्सी प्रोजेक्टसाठी जमेल का?

शेवाळवेडी:
नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सी पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. मॅडमनी प्रोजेक्टला विषय दिलाय: कच्चं तेल उपसताना त्याच्याबरोबर जे खारं, तेलकट पाणी वर येतं (प्रोड्यूस्ड वॉटर), त्यात सूक्ष्मशैवाल वाढवून ते पाणी साफ करायचं. विषय आवडलाय, पण जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. एका पेपरात सगळंच साफ झालेलं असतं, दुसऱ्यात शैवालच मरतं.
कुठलं शैवाल घेऊ? क्लोरेला, नॅनोक्लोरॉप्सिस की डुनालिएला? आणि मुळात पाणी कुठून आणू? हातात एक सेमिस्टर, एक शेकर आणि तुटपुंजं बजेट आहे.
कृपया "विषय बदल" एवढं सोडून काहीही सांगा.

भोसरीकर:
विषय बदल.
गंमत केली. ईटीपी (कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) डिझाइन करतो, म्हणून आधी एक सांगतो. शैवाल तेल खातं, हे डोक्यातून काढून टाक. पाण्यावर तवंग असेल तर उजेड आत जात नाही, हवेची देवाणघेवाण थांबते आणि तुझं शैवाल आठवड्यात पिवळं पडतं. तरंगतं तेल काढायला एपीआय सेपरेटर (तेल वर येऊ देणारी टाकी) आहे, बारीक थेंबांसाठी डीएएफ (हवेच्या बुडबुड्यांनी थेंब वर उचलणारी टाकी), त्यानंतर अक्रोडाच्या टरफलांचा फिल्टर (हो, खरंच अक्रोडाच्या, हा नेहमीचा फिल्टर आहे). हे सगळं झाल्यावर पाण्यात विरघळलेलं जे उरतं, तिथे शैवालाचा नंबर लागतो.
दुसरं, जागा. रोजचं १००० घनमीटर पाणी धर. पाणी तळ्यात ५ दिवस ठेवायचं आणि रेसवे तळं (शर्यतीच्या ट्रॅकसारखं, पाणी गोल फिरवत ठेवणारं) पाव मीटर खोल, कारण त्याखाली उजेड पोचत नाही. झाले २०,००० चौरस मीटर, म्हणजे ५ एकर, नुसतं पाणी. बांध, रस्ते वेगळे. क्लायंटला हा आकडा सांगितला की मीटिंग चहावर संपते.

सागरतळ:
भोसरीकर, आकडा बरोबर, पण पोरीला घाबरवू नका. मी समुद्रातल्या तेलफलाटांवर नोकरी केली, आता कोथरूडमध्ये निवृत्त.
मुली, आधी या पाण्याचा आवाका बघ. जगभराची सरासरी ढोबळमानाने सांगतात ती अशी की एका बॅरल तेलामागे तीन बॅरल पाणी येतं. विहीर जुनी होत जाते तसं तेल कमी, पाणी जास्त. आपली मुंबई हाय १९७४ साली सापडली, म्हणजे तीही आता म्हातारीच.
या पाण्यात मीठ, अमोनिया, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडसारखी सेंद्रिय आम्लं, फिनॉल, बेंझीन-टोल्युइनचा गोतावळा, बेरियम-स्ट्रॉन्शियम आणि काही ठिकाणी किंचित रेडियमसुद्धा असतं. वर आम्हीच विहिरीत सोडलेली रसायनं, गंजरोधक आणि बायोसाइड. बायोसाइडचं काम जीव मारणं, तेव्हा "शैवाल का मेलं" याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.
समुद्रातल्या फलाटावर ५ एकर सोड, पाय पसरायला जागा नसते. तिथे पाण्यातलं तेल लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत आणून समुद्रात सोडायची परवानगी असते. जमिनीवर मर्यादा १० मिलिग्रॅम. जमिनीवरच्या क्षेत्रांत बरंचसं पाणी पुन्हा जमिनीखाली दाबतात. म्हणून तुझा विषय मेहसाणा, अंकलेश्वर, बाडमेर अशा ठिकाणांचा. तिथे ऊनही भरपूर आणि जमीन पुण्याच्या भावाची नाही.
ओमानमध्ये निम्र म्हणून जागा आहे. वाळवंटात बोरूसारख्या गवताची प्रचंड तळी करून तेलक्षेत्राचं पाणी त्यातून सोडतात. शैवाल नव्हे, पण जिवंत गोष्टींवर भरवसा ठेवून इतकं पाणी साफ होतं, हे मॅडमना दाखवायला चांगलं उदाहरण आहे.

शेवाळवेडी:
काका, खूप आभार! मग खरं पाणी मिळायला काय करावं लागेल?

सागरतळ:
कॉलेजच्या लेटरहेडवर गाइडच्या सहीने अर्ज, मग वाट बघणं. कंपनी हो म्हणाली तरी कागदपत्रांत सेमिस्टर निघून जाईल. पुण्याखाली आहे तो काळा बेसाल्ट, त्यातून तेल यायचं नाही. कृत्रिम पाणी बनव.

पाषाणवासी:
+१. कृत्रिमच बनव, आणि लाजू नकोस, बरेच जण तेच करतात. मीठ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड, खाण्याचा सोडा, अमोनियम क्लोराइड, सोडियम अ‍ॅसिटेट, थोडं फिनॉल. बेंझीनच्या वाटेला जाऊ नकोस, ते कॅन्सरकारक आहे. टोल्युइन पुरे, तेही फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). बनवलेल्या पाण्याचा फायदा असा की त्यात काय आहे हे तुला नेमकं माहीत असतं.
शैवाल खारटपणावरून ठरव. क्लोरेला गोड्या पाण्यातलं, थोडं मीठ सोसतं. समुद्राएवढं खारं (लिटरला साधारण ३५ ग्रॅम) असेल तर नॅनोक्लोरॉप्सिस. त्याच्याही पुढे गेलीस तर डुनालिएला. मिठागरांत पाणी लालसर होतं ते काही अंशी याच्यामुळे. त्याला कडक पेशीभित्तिका नसते, आत ग्लिसरॉल साठवून ते खारटपणाशी जुळवून घेतं. पण त्यामुळेच जोरात ढवळलंस तर फुटतं. पहिल्यांदाच करतेयस, तर मी नॅनोक्लोरॉप्सिस म्हणेन.
कल्चरसाठी आधी पाषाण रोडवर एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाची यादी बघ. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संस्थेत डायटमवर (काचेसारखं कवच असलेल्या शैवालांवर) काम करणारी मंडळी आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवायची असेल तर तिथे विचार.
आता जिथे प्रोजेक्ट पडतात ते सांगतो. व्हायवात पहिला प्रश्न हाच येईल: हे शैवालाने केलं कशावरून?
टोल्युइन उघड्या फ्लास्कमधून उडून जातं. शैवाल असो-नसो, चार दिवसांनी ते कमी झालेलं दिसणारच. अमोनियाचंही तसंच. शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढतं, पाण्याचा पीएच चढतो, आणि तो ९ च्या वर गेला की अमोनिया वायू होऊन पळतो. फॉस्फेट त्याच पीएचला कॅल्शियमबरोबर साका होऊन तळाला बसतं. तिन्ही आकडे शैवालाच्या खात्यात जमा केलेस तर तुझा आलेख फार देखणा येईल, आणि खोटा. म्हणून प्रत्येक प्रयोगाला तीन भांडी: जिवंत शैवाल, मारलेलं शैवाल, आणि नुसतं पाणी. पीएच रोज मोज, जमलं तर ८ च्या आसपास धरून ठेव.
सीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागतो ते माप) सापळा वेगळाच. या पाण्यात क्लोराइड एवढं असतं की डायक्रोमेट त्यालाच ऑक्सिडाइज करतं आणि सीओडी फुगून येतो. लिटरला २००० मिलिग्रॅम क्लोराइडच्या वर नेहमीची पद्धत चालत नाही, मर्क्युरिक सल्फेट घालूनसुद्धा. समुद्राच्या पाण्यात ते १९,०००च्या आसपास असतं! त्याऐवजी टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) कुठे करून मिळतं ते आत्ताच शोध.
वाढ मोजताना नुसत्या ओडीवर (पाणी किती उजेड अडवतं त्या मापावर) विसंबू नकोस, तेलाचे थेंबही गढूळपणा दाखवतात. हिमोसायटोमीटरने (चौकटी आखलेल्या काचपट्टीने) पेशी मोज किंवा क्लोरोफिल काढ.
आणि फॉस्फरस. या पाण्यात अमोनिया असतो, फॉस्फरस बहुधा नावालाच. शैवालाला ढोबळ हिशोबाने १६ नायट्रोजन अणूंमागे १ फॉस्फरस लागतो. तो वरून घालावा लागेल.

निनाद_के:
प्रश्नात थोडी भर. नुसतं शैवाल घेण्यापेक्षा जोडीला बॅक्टेरिया घेतले तर? टेरी या संशोधन संस्थेने तेल खाणाऱ्या बॅक्टेरियांचं 'ऑइलझॅपर' बनवलंय, ते वापरातही आहे.

पाषाणवासी:
खऱ्या तळ्यात जोडीच असते. हायड्रोकार्बन तोडायचं मुख्य काम बॅक्टेरियाचं. शैवाल त्यांना ऑक्सिजन पुरवतं, ते शैवालाला कार्बन डायऑक्साइड. पाण्यात हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल वाचतं ते इथे. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात सांडपाण्यासाठी याच जोडीवर तळी उभी केली. पण एका सेमिस्टरमध्ये शैवाल, बॅक्टेरिया आणि त्यांचं भांडण, तिन्ही सांभाळणं अवघड. मात्र तुझ्या फ्लास्कमध्ये बॅक्टेरिया शिरणारच आहेत, तेव्हा "निव्वळ शैवाल" असं शीर्षकात लिहू नकोस.

मुठाकाठी:
लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, स्पिरुलिना तिथे आपसूक वाढते. तिथूनच सॅम्पल आणलं तर? आमचं गाव जवळच आहे, बाटली भरून आणते.

भोसरीकर:
ताई, नको. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वनखात्याच्या परवानगीशिवाय बाटली भरली तर प्रोजेक्टऐवजी प्रकरण होईल.

शेवाळवेडी:
पाषाणवासी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावलाय. मॅडमनाही दाखवला. टीओसी बाहेरून करून घ्यायला त्यांनी होकार दिला, पण मोजक्याच सॅम्पलना.
एक प्रश्न उरला. वाढलेल्या शैवालाचं पुढे काय? मॅडम म्हणतात प्रस्तावात "पशुखाद्य आणि बायोडिझेल" लिही, छान दिसतं.

भोसरीकर:
पशुखाद्य लिहू नकोस. धातू पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात. पाण्यातून काढले म्हणजे नाहीसे झाले नाहीत, फक्त जागा बदलली. ते गाईला घालणार का? बायोडिझेलचं म्हणशील तर लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम सुकं शैवाल मिळतं, पेशी काही मायक्रॉनच्या. सेंट्रिफ्यूज फिरवायला लागणारी वीज धरली तर हिशोब उलटा येतो. "बायोमासमधील धातू तपासून त्यानुसार विल्हेवाट" एवढंच लिही.
शिवाय शैवाल मीठ काढत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) जेवढा होता तेवढाच राहतो, तळ्यातून पाणी उडालं तर वाढतोच. कोणी "शेतीला वापरता येईल" म्हणालं तर आधी हे सांग.

शेवाळवेडी:
ठरलं मग: नॅनोक्लोरॉप्सिस, कृत्रिम पाणी, अ‍ॅसिटेट आणि अमोनिया एवढेच दोन मोजायचे, तीन भांडी. टोल्युइन आणि फिनॉल वगळतेय, आमचा फ्यूम हूड गेल्या वर्षापासून बंद आहे.
उजेडाचं काय करू? खिडकीत ठेवलं तर पावसाळ्यात दिवसदिवस अंधारच.

निनाद_के:
तापकीर गल्लीत पांढऱ्या एलईडी पट्ट्या आणि टायमर घे. १२ तास चालू, १२ बंद. टायमर बॅटरी बॅकअपवाला माग. साधा घेतलास तर लाइट गेली की घड्याळ तिथेच थांबतं आणि तुझ्या शैवालाचा दिवस मध्यरात्री उगवतो.

सागरतळ:
आणि तो फ्यूम हूड दुरुस्त करा म्हणून अर्ज टाक. लेखी.