मदत हवी आहे: ०.५८३३३… चा अपूर्णांक करताना नेमकं कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

भाचीचा गणिताचा अभ्यास घेतेय. दशांश अपूर्णांकाचं व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर करून उत्तर अतिसंक्षिप्त रूपात द्यायचं, असा भाग आहे. साधी उदाहरणं जमतात. ०.३७५ मध्ये दशांश चिन्हापुढे तीन अंक, म्हणून ३७५/१०००, दोन्हींना १२५ ने भागलं की ३/८. इथवर ठीक.

पण ०.०८६४ ला दमछाक झाली. ८६४/१०००० लिहिलं आणि पुढे मसावि (दोन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या) काढायला ती २, ३, ५, ७, ११ सगळ्यांनी भागून बघत बसली. जवळची वाट आहे का?

खरी अडचण पुढची आहे. ०.३६३६३६… म्हणजे ३६/९९, म्हणजे ४/११. "जितके आवर्ती अंक, तितके नऊ" असा नियम आम्ही पाठ केला. तोच ०.५८३३३… ला लावून ५८३/९९९ लिहिलं. भागाकार करून पाहिला तर ०.५८३५८३५८३… आलं. चुकलं हे दिसतंय, का चुकलं ते मला सांगता येईना. "मावशी, पण हे नऊ येतात कुठून?" असं तिनं विचारलं आणि मी गप्प झाले. कृपया आणखी एक सूत्र देऊ नका, कारण सांगा.

प्रतिसाद १:
०.०८६४ चं आधी सांगतो. १००००चे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच. तेव्हा ३, ७, ११ने भागून बघायचं कारणच नाही. शिवाय अंशाच्या शेवटी शून्य नसेल तर त्याला २ आणि ५ या दोन्हींनी भाग जाऊच शकत नाही, गेला तर एकानेच जाईल. ८६४ सम आहे, म्हणून फक्त निम्मं करत जा: ४३२/५०००, २१६/२५००, १०८/१२५०, ५४/६२५. छेद विषम झाला, की थांबायचं.

प्रतिसाद २:
ताई, नऊ वजाबाकीतून येतात. ०.३६३६… ला क्ष म्हणा. १०० क्ष = ३६.३६३६… यातून क्ष वजा करा. दशांश चिन्हापुढची शेपटी दोन्हीकडे तीच, ती पूर्ण निघून जाते. उरतं ९९ क्ष = ३६. म्हणजे ९९ हे १०० वजा १ आहेत.

आता ०.५८३३३… मध्ये परत परत येतो तो फक्त ३. ५ आणि ८ एकदाच येतात. शेपट्या जुळायला हव्यात, म्हणून आधी चिन्ह ५८ च्या पुढे न्या: १०० क्ष = ५८.३३३… मग आणखी एक घर: १००० क्ष = ५८३.३३३… वजाबाकी केली की ९०० क्ष = ५२५. तुम्ही सरळ ९९९ घेतलेत, म्हणजे ५८३ हा अख्खा गट आवर्ती धरलात.

५२५/९०० मध्ये मात्र फक्त २ आणि ५ तपासून पुरत नाही, ९ मुळे ३ ही तपासावा लागतो. मसावि भागाकाराने काढा: ९०० ला ५२५ ने भागून बाकी ३७५, ५२५ ला ३७५ ने भागून १५०, ३७५ ला १५० ने भागून ७५, आणि ७५ ने १५० ला पूर्ण भाग जातो. मसावि ७५, उत्तर ७/१२.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. शेपट्या एकाखाली एक लिहून दाखवल्या तेव्हा तिला पटकन उमगलं. मग तिनंच ०.४१६६६… घेतलं, ४१६ मधून ४१ वजा केले, ३७५/९०० आणि शेवटी ५/१२.

एकच शंका राहिली. २ भागिले ३ केल्यावर कॅल्क्युलेटर शेवटी ७ दाखवतो, तर तो ७ धरायचा का?

प्रतिसाद २:
नाही. पडद्यावरची जागा संपते म्हणून तो शेवटचा अंक पूर्णांकित करतो, पुढे सगळे ६च आहेत. आवर्ती अंक ओळखायचे तर कागदावर भागाकार करायला सांगा. २ ला ३ ने भागताना बाकी पुन्हा २च उरते, तिथेच तिला कळेल.